मिळाल्याची खूण

१

दुपारची जुहरची नमाज आटोपली की मी बागेतून माझ्या खोलीकडे जातो. हा क्रम पस्तीस वर्षांचा आहे. घरापासून खोली नव्वद पावलांवर आहे: आधी फलजचा पाट, मग खजुरांच्या सहा रांगा, आणि शेवटी आजोबांनी चारा साठवण्यासाठी बांधलेली दगडी खोली. तिच्या भिंती हातभर जाड आहेत. आत माझे बिनतारी यंत्र, मोर्सची कळ, नोंदवह्या आणि एक खुर्ची एवढेच असते. दोन उंच खजुरांच्या शेंड्यांमध्ये ताणलेली तार हा माझा अँटेना. शाळेत मुलांना पदार्थविज्ञान शिकवून उरलेला माझा दिवस या खोलीत गेला.

घरातले वाय-फाय त्या भिंतींतून आत शिरत नसे. दोन वर्षांपूर्वी मी सोपा मार्ग धरला. विजेच्याच तारांतून इंटरनेट वाहून नेणाऱ्या दोन पेट्या आणल्या. एक घरात खोचली, एक खोलीत. इंटरनेट आले, आणि त्याच्यासोबत यंत्रात खरखर आली. बागेतून गेलेली ती विजेची तार स्वतःच अँटेना झाली होती. घरात कोणी काही पाहायला बसले की खरखर वाढे, आणि दुरून आलेले क्षीण संदेश तिच्याखाली बुडून जात.

माझा मेहुणा खल्फान हाही बिनतारी संदेशक होता. कळ धरायला त्याला मीच शिकवले होते. तो म्हणाला होता, "उस्ताद, त्या पेट्या काढा. फायबर टाका, काचेचं. काच वीज वाहतच नाही, तर गोंगाट कुठून करणार?"

मी होकार दिला आणि आळस केला.

गेल्या उन्हाळ्यात खल्फान आपले लहान यंत्र गाडीत घालून पूर्वेच्या रेतीत गेला आणि परतला नाही. गाडी सापडली नाही, तोही सापडला नाही. अकरा महिने झाले. माझी पत्नी रय्या ही त्याची थोरली बहीण. तिच्यासमोर त्याच्या नावापुढे कोणी 'मरहूम' लावले की ती उठून जाते.

फायबर टाकायला तिनेच मला लावले. "त्यानं सांगितलं होतं ना, अबू सालिम? मग टाका. त्याचं एवढं तरी ऐका."

२

फायबर टाकायला जुमा आला. तो टेलिफोनचे काम करतो, चाळिशीचा आहे, आणि त्याचे तोंड हातांपेक्षा अधिक चालते.

"उस्ताद, सगळं गाव फोनवर बोलतं. तुम्ही अजून टकटक करून रशियाला हवापाणी विचारता. उत्तर तरी येतं का?"

"येते."

"काय म्हणतात?"

"थंडी आहे म्हणतात."

"हे मी तुम्हाला फुकट सांगितलं असतं!" असे म्हणून तो हसला आणि पाटाच्या कडेने नळी पुरू लागला. नळीतून त्याने केसाएवढा काचेचा धागा ओढला. दोन्ही टोकांना प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणाऱ्या लहान डब्या बसवल्या. खोलीतल्या डबीला विजेचा जोड मी देऊ दिला नाही, कारण स्वस्त अडॅप्टरही गोंगाट करतो. ती बॅटरीवर लावली. डबीपासून संगणकापर्यंतची वीतभर तारही गोंगाट अडवणाऱ्या लोहभुकटीच्या कड्यातून सात वेढे देऊन नेली. विजेच्या तारांवरच्या त्या जुन्या पेट्या जुमाने उपटून पिशवीत टाकल्या.

रय्या कहवा घेऊन आली. जुमाने तीन पेले घेतले, मग पेला हलवून पुरे असल्याचे दाखवले.

"खाला, आता यांचं यंत्र इतकं शांत होईल, की मुंगी शिंकली तरी ऐकू येईल."

"मुंगीचं नको," रय्या म्हणाली. "माणसाचं येऊ दे."

जुमाने मान खाली घातली. तो पिशवी उचलून निघाला.

३

दुसऱ्या दिवशी जुहरनंतर मी यंत्र लावले. खरखर पूर्णपणे गेली होती. काटा शून्यावर पडलेला होता.

मला समाधान वाटले, आणि काही क्षणांनी ते ओसरले. मनुष्याचा गोंगाट गेला तरी आकाशाचा स्वतःचा एक श्वास असतो: दूरच्या विजा, सूर्याची सळसळ. अँटेना जोडलेला असताना तो ऐकू आलाच पाहिजे. तो येत नव्हता. मी अँटेनाची तार यंत्रातून काढली. फरक पडला नाही. पुन्हा जोडली, पुन्हा काढली, तरीही नाही. हेडफोनमध्ये असे वाटत होते, की पलीकडे कोणीतरी दार लावून आत श्वास रोखून उभे आहे.

दीड वाजता त्या शांततेत एक सूर उमटला. मग टिंबे आणि रेघा.

कळ चालवणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा हात असतो. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा आम्ही तो ओळखतो. शब्दातली शेवटची रेघ रेंगाळत ठेवणे ही खल्फानची खोड. निरोप घेऊनही उंबऱ्यावर थांबणाऱ्या पाहुण्यासारखी ती रेघ. मी त्याला त्यावरून अनेकदा रागावलो होतो.

त्याने माझी हाक-अक्षरे, म्हणजे हवेतले माझे नाव, दिली, स्वतःची दिली, आणि लिहिले: गाडीचा आस मोडला. पाणी दोन दिवसांचे. मी गाडीजवळ थांबतो. माझे ठिकाण.

पुढे काहीच आले नाही. सूर तिथेच थांबला.

अँटेनाची तार माझ्या डाव्या हातात होती. ती जोडायची राहून गेली होती.

४

आता मी ते लिहिले पाहिजे, जे मी अकरा महिने कोणाला सांगितले नाही.

हा संदेश मी पूर्वी ऐकला होता. खल्फान गेला त्याच दिवशी, दुपारी, याच खुर्चीवर. त्या वेळी घरात नातवंडे काहीतरी पाहत बसली होती आणि खरखर शिगेला पोहोचली होती. मला तीनच तुकडे मिळाले: गाडी, पाणी, दोन दिवस. मी त्यांचा माझ्या सोयीचा अर्थ लावला, की गाडी ठीक आहे, पाणी आहे, दोन दिवसांनी येतो.

मी 'पुन्हा सांग' म्हणायला हवे होते. तीन दिवसांपूर्वीच खल्फान सर्वांसमोर हसून म्हणाला होता, "उस्तादांचे कान आता खजुरासारखे झालेत, बाहेरून गोड, आत बी." ते मला लागले होते. म्हणून मी कळेवर हात ठेवला आणि टिंब, रेघ, टिंब असे पाठवले. आमच्या जगात याचा अर्थ एकच: सर्व मिळाले. पूर्ण मिळाल्यावाचून ही खूण देऊ नये, हा पहिला धडा मी स्वतः त्याला दिला होता.

खूण मिळाल्यावर पाठवणारा थांबतो. तो थांबला. कोणीतरी येत आहे या भरवशाने तो गाडीजवळ बसून राहिला असणार.

चौथ्या दिवशी शोधपथकाने विचारले, "त्याच्याकडून काही ऐकलंत?" रय्या माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "नाही." ठिकाण मला माहीत नाही, तेव्हा सांगून उपयोग काय, असे मी स्वतःला समजावले. पण तो गाडीजवळ बसला आहे एवढे तरी मला सांगता आले असते. त्यांनी त्याला चालत निघालेला समजून वाटा धुंडाळल्या. गाडी त्यांनी शोधलीच नाही.

त्या दिवसानंतर मी एकही नमाज चुकवली नाही. तिचा मला काही लाभ झाला, असे मी म्हणू शकत नाही.

५

दुसऱ्या दिवशी दीड वाजता संदेश पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. तेच शब्द, तोच हात, आणि 'माझे ठिकाण' याच्यापुढे शांतता.

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. आधी थट्टेचा संशय घेतला. पण या संदेशाचे शब्द जगात दोघांनाच ठाऊक असणे शक्य होते, आणि मलाही ते पूर्ण ठाऊक नव्हते. मग माझ्याच मनाचा संशय घेतला. त्याची परीक्षा सोपी होती. जगात ठिकठिकाणी लोकांनी आपली यंत्रे इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. कोणीही दूर बसून त्यांच्या कानांनी ऐकू शकतो. खोलीत इंटरनेट मला याचसाठी हवे होते.

चौथ्या दिवशी मी सायप्रसमधले एक यंत्र संगणकावर उघडले. एका कानाला माझे यंत्र, दुसऱ्या कानाला सायप्रस. दीड वाजला. माझ्या कानात खल्फान बोलू लागला. सायप्रसच्या कानात नुसता आकाशाचा श्वास होता, जो मला माझ्या खोलीत चार दिवस ऐकू आला नव्हता. तर हे सर्व माझ्याच डोक्यात आहे. मला जवळजवळ हायसे वाटले.

खल्फान 'माझे ठिकाण' येथे पोहोचला. त्याच क्षणी सायप्रसच्या कानात, ठसठशीत, स्वच्छ: टिंब, रेघ, टिंब. आणि माझी हाक-अक्षरे.

तो हात माझा होता. मी टिंब किंचित घाईने देतो. पस्तीस वर्षांत ती सवय गेली नाही.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. कळेवर धुळीसाठी टाकलेला रुमाल तसाच होता. मी तो उचलून पाहिले. कळ हलत नव्हती.

पाचव्या दिवशी मी यंत्राची बॅटरी सोडली, अँटेना खाली उतरवला, खोलीला कुलूप लावले आणि घरात बसून फोनवर सायप्रस ऐकले. दीड वाजून दोन मिनिटांनी खूण गेली. सहाव्या दिवशी सर्व पुन्हा जोडून, खल्फानच्या पहिल्या अक्षरापासून मी कळ दाबत राहिलो: पुन्हा सांग, पुन्हा सांग, मिळाले नाही. सायप्रसच्या कानात माझा एकही शब्द पोहोचला नाही. फक्त ती खूण पोहोचली.

असत्य मी एकदाच पाठवले होते. सत्याला मात्र वाट मिळत नव्हती.

६

सातव्या दिवशी मी रय्याला खोलीत येण्यास सांगितले.

मोर्स तिला येत असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दोघा भावंडांना एकत्र शिकवले होते. जेवताना ती ताटाच्या कडेवर चमच्याने एकमेकांना शिव्या देत. मला वाटले, तिचे कान माझ्याहून तरुण आहेत. जिथे मला शांतता ऐकू येते तिथे तिला कदाचित ठिकाण ऐकू येईल. दुसरा विचार असा होता, की ठिकाण मिळाले तर कबुलीची गरज उरणार नाही. दोन्ही विचार माझेच होते, आणि दुसरा अधिक बळकट होता.

"काय ऐकायचंय?" तिने विचारले.

"तू ऐक आणि लिही. विचारू नको."

"सूर्य डोक्यावर आहे, चुलीवर भात आहे, आणि तुमची कोडी चालली आहेत." पण ती बसली. हेडफोन लावले, पेन्सिल घेतली. मी तिच्या पाठीशी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. संगणक बंद ठेवला होता. खूण तिच्या कानी पडू नये, एवढी काळजी मी घेतली होती.

दीड वाजला. तिची पाठ ताठ झाली.

"तोच आहे," ती पुटपुटली. "त्याची शेवटची रेघ... अबू सालिम, तो आहे! कुठून बोलतोय? जिवंत आहे?"

"लिही, रय्या."

ती लिहीत गेली. गाडी. आस. पाणी. तिचे ओठ प्रत्येक अक्षराबरोबर हलत होते. 'माझे ठिकाण' येथे पेन्सिल पोहोचली आणि थांबली नाही. तिने एक आकडा लिहिला. मग दुसरा.

मग तिचा हात थबकला. नंतर तिने हळूच मान मागे वळवली आणि आधी माझ्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते, तिच्या खांद्यांपासून बोटभर अंतरावर.

"मध्येच कोण बोललं?" तिने विचारले.

मी खुर्चीची पाठ सोडली.

"तो सांगत होता. आकडे सांगत होता. मध्येच कुणीतरी 'मिळालं' म्हणालं, आणि तो गप्प झाला." तिने हेडफोन काढले. "टिंब घाईनं. हा हात मी ओळखते. या हातानं मला शिकवलंय."

"रय्या, त्या दिवशी खरखर फार होती..."

"तू होतास."

"मला वाटले..."

"मी शेजारी उभी होते. त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते."

तिने कागद घडी करून ओढणीच्या टोकात बांधला. त्यावर दोन आकडे होते. अक्षांश-रेखांश धरून ठिकाणासाठी बारा लागतात. दारातून बाहेर पडताना ती पाटाशी एकदा थांबली. मला वाटले, मागे पाहील. ती चप्पल नीट करत होती.

७

रय्या खल्फानच्या घरी, त्याच्या बायकोकडे गेली. तिथून तिचा निरोप नाही.

मी पोलीस चौकीत जाऊन सर्व सांगितले. समोरचा अधिकारी माझाच विद्यार्थी, हुमैद. त्याने लिहून घेणे मध्येच थांबवले.

"उस्ताद, अकरा महिन्यांनी?"

"होय."

"पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंत, तर आम्ही हेलिकॉप्टरनं गाडी शोधली असती. आता त्या वाळूच्या टेकड्याच जागेवर नाहीत." त्याने पेन खाली ठेवले. "वर्गात तुम्ही आम्हाला काय सांगायचात? मोजमाप ठाऊक नसेल तर कोरी जागा सोडा, मनचं लिहू नका."

तो उर्मटपणे बोलला नाही. तसे बोलला असता तर मला सोपे गेले असते.

खल्फानचा संदेश रय्या गेली त्या दिवसानंतर आला नाही. मी आठवडाभर रोज दीड वाजता बसलो. शांतताही गेली, आकाशाचा श्वास परत आला, आणि माझे यंत्र कोणत्याही चांगल्या यंत्रासारखे झाले. मी ठरवले, की जे माझ्याबाबत घडायचे होते ते घडून गेले आणि त्याची शिक्षा मला मिळाली. या निष्कर्षात मला थोडी विश्रांती मिळाली, हे मी कबूल करतो.

रय्या गेल्यानंतर नवव्या दिवशी, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या, थोडे आधी, संगणकावर एक पत्र आले. मोम्बासाच्या एका संदेशकाचे. नाव जोसफात म्वाकिओ. मी त्याला ओळखत नव्हतो.

"महाशय," त्याने लिहिले होते, "आज दुपारी सोकोत्रा बेटाच्या दक्षिणेकडून एक शिडाची बोट मदत मागत होती. बोटीवर आईवडील आणि दोन मुली आहेत, पाणी आत येत आहे. आम्ही पाच-सहा जण ऐकत होतो, सिग्नल अगदी बारीक होता. तेवढ्यात तुम्ही 'मिळाले' अशी खूण दिलीत. एकाने घेतल्यावर बाकीच्यांनी गप्प राहायचं, ही आपली रीत तुम्ही जाणताच. आम्ही तुमच्यावर सोपवून बाजूला झालो. तटरक्षक दल ठिकाण विचारत आहे. कृपा करून लगेच कळवा."

मी ते दोनदा वाचले. आज दुपारी मी मशिदीत होतो. यंत्र बंद होते.

खल्फानच्या वेळीही कोणी पाच-सहा जण ऐकत असतील, हा विचार मला तेव्हा प्रथम आला.

मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत लिहिले: ती खूण मी दिलेली नाही. मला काहीही मिळालेले नाही. ठिकाण माझ्याकडे नाही. सर्वांना सांगा, की माझ्या नावाने आलेली खूण मानू नका; त्या बोटीला पुन्हा हाक घाला आणि तिला बोलू द्या.

काचेच्या धाग्यातून ते निमिषात गेले. या वेळी तरी सत्य पोहोचले, असे वाटून मी डोळे मिटले आणि अल्लाहचे नाव घेतले.

चार मिनिटांत उत्तर आले.

"महाशय, तुमचं पत्र मिळताच आम्ही हाक घातली. बोटीनं उत्तर दिलं, आणि ठिकाण सांगायला सुरुवातही केली. पण तुम्ही पुन्हा खूण दिलीत. ती आता बोलायची थांबली आहे."